२.८ मिलिमीटर

केबल तुटते तेव्हा 'खट्' असा आवाज वगैरे काही येत नाही. निदान माझी तुटली तेव्हा तरी आला नाही. सिनेमात कसं, दोर तुटण्याआधी एकेक धागा उसवताना दाखवतात, पार्श्वसंगीत वाढतं, नायिका किंचाळते... तसलं काही नाही. काल सकाळी पावणेआठच्या सुमारास पवनानगर मागे टाकून दुधिवरे खिंडीच्या चढाला लागलो होतो. अजून एक हलका गिअर हवा म्हणून उजव्या हाताची दांडी आत ढकलली, तर ती बिजागरी निघालेल्या दारासारखी नुसतीच आत गेली. पलीकडे कुणी नाहीच! आणि मग मागून खडखडखड करत चेन एकेक पायरी उतरत सगळ्यात लहान चक्रावर जाऊन बसली.

सायकलच्या गिअरशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या सायकलला मागे ८ चक्रं आहेत, ११ दातांपासून ३२ दातांपर्यंत. चढाला मोठं चक्र, उताराला लहान. चेनला इकडून तिकडे ढकलणारा जो भाग असतो (डिरेलर) त्याच्या पोटात एक स्प्रिंग असते आणि ती त्याला कायम लहान चक्राकडे खेचत असते. केबल त्याला मोठ्या चक्राकडे ओढून धरते. म्हणजे केबल गेली की स्प्रिंग जिंकली. पुढे ३४ दातांचं चक्र आणि मागे ३२ चं असेल तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते. मागे ११ चं आलं की त्याच एका फेरीत साडेसहा मीटर. सपाट रस्त्यावर ही चैन आहे. दुधिवरे खिंडीत ही शिक्षा आहे. तीन सेकंदांत सायकल जागच्या जागी थांबली आणि क्लीटमधून पाय सोडवायच्या आत मी लाल मातीत आडवा.

शेजारून लोणावळ्याकडे निघालेली एक गाडी थांबली. काच खाली झाली. "लागलं का हो?" आतल्या काकूंनी विचारलं. मी म्हटलं नाही. "मग ठीक आहे," म्हणाल्या आणि काच वर झाली. सायकलवाल्याचं दुःख जगाला काचेपलीकडूनच दिसतं. असो.

अशा वेळी करायचे दोन जुगाड मला ऐकून माहीत होते. पहिला म्हणजे डिरेलरवरचा 'एच' लिहिलेला स्क्रू आत पिळायचा. तो खरं तर चेनने सगळ्यात लहान चक्राच्या बाहेर पडू नये म्हणून असतो, पण जास्त पिळला तर डिरेलरलाच आत सरकवून ठेवतो. केला. चेन ११ वरून १३ वर आली. चढापुढे ते काहीच नाही. दुसरा जुगाड जरा बरा आहे. वरून तुटलेली केबल खालच्या नळीपाशी बाहेर ओढून घ्यायची, हाताने ताणून चेन मधल्या एखाद्या चक्रावर आणायची आणि केबलचं टोक पाण्याच्या बाटलीच्या स्टँडच्या बोल्टखाली दोन वेढे देऊन आवळायचं. मल्टीटूल खिशात होतं. पंधरा मिनिटं, हातभर काळं ग्रीस आणि ज्याची खूप सवय आहे अशा काही शिव्या, एवढ्या भांडवलावर माझी ८ गिअरची मागची बाजू १८ दातांवर कायमची स्थिरावली. पुढचे दोन गिअर शाबूत होते. खिंडीला लांबूनच नमस्कार केला आणि आल्या रस्त्याने परत फिरलो. घर चाळीसेक किलोमीटर. जास्त चढ आला की उतरून ढकलायची. ढकलता ढकलता विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

आणि विचार केल्यावर लक्षात आलं की केबल काल तुटलीच नाही. ती गेले दीड-दोन महिने तुटत होती.

हा दांडीवरचा शिफ्टर दाबला की 'टिक' होतं ना, त्या एका टिकमध्ये तो केबल २.८ मिलिमीटर ओढतो. ८ गिअरच्या माझ्या सायकलचा हा आकडा. तिकडे डिरेलर त्याचे पावणेदोन पट करून साधारण ४.८ मिलिमीटर सरकतो, म्हणजे बरोबर दोन चक्रांमधलं अंतर. सगळा खेळ इतकाच. १९८४ साली शिमानोने ड्युरा-एसमध्ये हे टिक-टिक प्रकरण आणलं. त्याआधी नुसती एक दांडी असायची. ती अंदाजाने सरकवायची आणि चेन नीट बसली का हे कानाने ओळखायचं. टिक आल्यावर कानाचं काम संपलं, पण त्या बदल्यात केबल मिलिमीटरच्या अंशातही सैल पडून चालेना. थोडी जरी सैल झाली की चेन दोन चक्रांच्या मध्ये कुरकुरते, जायचं तिथे जात नाही.

माझी कुरकुर ऑगस्टपासून सुरू होती. आणि मी काय केलं? डिरेलरपाशी केबल ताणायची एक छोटी पुळी असते, बॅरल अ‍ॅडजस्टर. ती अर्धा फेरा उलटी फिरवली की केबल किंचित ताणली जाते. कुरकुर बंद. आठ दिवसांनी पुन्हा कुरकुर, पुन्हा अर्धा फेरा. मग पावसाला दोष दिला. मग चेन धुतली. मग पुन्हा अर्धा फेरा. ऑफिसात एका सर्व्हरची मेमरी ८० टक्क्यांवर गेली की अलर्ट यायचा, रात्री दोनला फोन वाजायचा. आम्ही काय केलं, अलर्ट ८५ वर नेला. मग ९० वर. सगळ्यांना शांत झोप लागायला लागली. पुढे काय झालं ते सांगत नाही, एनडीए आहे.

आत काय चाललं होतं ते असं. गिअरची केबल म्हणजे एक तार नसते. सव्वा मिलिमीटरच्या त्या दोरीत बहुतेक वेळा १९ बारीक तारा पिळलेल्या असतात. मध्ये १, तिच्याभोवती ६, त्यांच्याभोवती १२. शिफ्टरच्या आत केबल एका छोट्या चाकावर वळते, आणि ज्या शिफ्टरमध्ये केबल हँडलच्या टेपखालून नेलेली असते तिथे हे वळण जरा जास्तच घट्ट असतं. गिअर बदलला की वाक, परत सरळ, पुन्हा वाक. हजारो वेळा. मग एक तार तुटते. बाकीच्या १८ वर तेवढाच भार, त्यामुळे त्या थोड्या जास्त ताणतात आणि केबल केसभर लांबते. कुरकुर. अर्धा फेरा. मग दुसरी तार. हे सगळं रबराच्या आवरणाखाली. बाहेरून सायकल अगदी देखणी.

घरी पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आईने एकदा सायकलकडे, एकदा माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चहा टाकला. मला पूर्ण कप, स्वतःला पूर्ण कप, बाबांना अर्धा. बाबांना हल्ली अर्धाच कप देते. साखर कमी करायचं काहीतरी खूळ असणार, असं मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी केबल आणायला बाहेर पडलो. पहिलं दुकान निगडीतलं जुनं, जिथे माझी शाळेतली सायकल पंक्चरला जायची. त्यांनी "गिअर वायर ना? ही घ्या," म्हणून दिली ती ब्रेकची निघाली. दोन्ही दिसायला सारख्या, पण ब्रेकची दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड. नळीत शिरतच नाही. दुसरं दुकान भारी सायकलींचं. तिथल्या पोराने शिफ्टरमध्ये डोकावून पाहिलं आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "सर, केबलचं हेड आत राहिलंय. काढायला लागेल. मंगळवारपर्यंत ठेवून जा. आणि नाही निघालं तर शिफ्टरच बदलायला लागेल." नव्या शिफ्टरची किंमत ऐकली आणि एक केबल, मीटरभर नळी घेऊन सायकल घरी आणली. मंगळवार मला परवडत नव्हता, कारण पुढच्या शनिवारी २०० किलोमीटरची बीआरएम आहे (साडेतेरा तासांत संपवायची असते, बक्षीस वगैरे काही नाही, हौस). पण खरं सांगायचं तर मंगळवारपेक्षा किंमतच जास्त लागली मनाला.

तर आज सकाळी नऊ वाजता गॅलरीतल्या झोपाळ्याच्या कडीला दोरीने सायकलची सीट टांगली आणि कामाला लागलो. झोपाळा गेल्या वर्षीच काढलाय, कड्या आहेत. सायकल स्टँडवर हजारो रुपये घालवणाऱ्या मित्रांना हा सल्ला फुकट.

हूडचं रबर मागे उलटवलं. बाजूच्या छोट्या झाकणाचे स्क्रू काढले. आत टॉर्च मारला. केबलच्या टोकाला शिशाच्या मण्यासारखं गोल डोकं असतं, ते एका खाचेत बसलेलं दिसलं. त्याच्या मागे तुटक्या तारांचा झुपका, केसाळ सुरवंटासारखा. आता गंमत अशी की ही खाच आणि बाहेर पडायचं भोक फक्त एकाच गिअरला समोरासमोर येतात, सगळ्यात जड गिअरला. तोपर्यंत छोटी कळ दाबत जायची. टिक. टिक. तिसऱ्यांदा टिक झालंच नाही. एखादी तार आतल्या दातऱ्यात अडकली होती आणि चाक फिरेना. पुन्हा दाबलं. नाही. आईचा भुवयांचा चिमटा आणला. एक तार पकडली, ओढली, ती मधेच तुटून तुकडा आत पडला. बीई मेकॅनिकल असा माझा कागद सांगतो. पदवी मिळाली त्याच वर्षी आयटीत गेलो, त्यामुळे मशीनशी माझं नातं पदवीपत्रापुरतंच.

आणि इथे मला जरा विचित्र वाटायला लागलं, कारण बाबा चार पावलांवर खुर्चीत पेपर वाचत बसले होते आणि उठत नव्हते.

तुम्हाला बाबा माहीत नाहीत म्हणून सांगतो. बाबांनी पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली. आयटीआय फिटर म्हणून लागले आणि रिटायर झाले तेव्हा शंभरांश मिलिमीटरच्या कामाला त्यांनाच बोलवायचे. घरात मिक्सर, इस्त्री, नळ, माझा कंपासमधला कैवार, शेजारच्या आजींचा चष्मा, काहीही बिघडलं की ते बाबांच्या हाताखालून जायचं. माझं काम लहानपणापासून एकच, बॅटरी धरणं. आणि बॅटरी नीट धरली नाही म्हणून बोलणी खाणं. "हात कुठे, उजेड कुठे!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते माझ्या बारशाला म्हटलं असावं अशी मला शंका आहे. कुणी चुकीच्या पद्धतीने स्क्रू फिरवताना दिसला तर ह्या माणसाला लग्नाच्या पंगतीतून उठवत नाही. आणि इथे त्यांचा मुलगा भुवयांच्या चिमट्याने शिफ्टर उकरतोय आणि ते अग्रलेख वाचतायत!

अकरा वाजले. माझा दुसरा चिमटा वाकला. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, जरा बघता का?"

पेपरची घडी झाली. चष्मा बदलला. आले, वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "दाभण आण. बारीक." शिवणाच्या डब्यातलं दाभण आणून दिलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि टोक शिफ्टरच्या तोंडाशी नेलं.

टिक टिक टिक टिक टिक.

मला आधी वाटलं चाक फिरलं. गिअरच वाटला मला तो! मग कळलं, दाभणाचं टोक धातूच्या कडेवर आपटतंय. बाबांचा हात थरथरत होता. थोडासा, पण थांबत नव्हता. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. आवाज कमी झाला, बंद नाही झाला. दोन-तीन सेकंदच असतील. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तेवढीच.

"तू कर," बाबा म्हणाले. "मी उजेड धरतो."

मी दाभण घेतलं, त्यांनी टॉर्च घेतला. आणि टॉर्चचा गोल डागही शिफ्टरभर नाचायला लागला. आयुष्यभराचं ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकाशी आलं होतं, सवयीने, विनोद म्हणून. देवाने बुद्धी दिली आणि गप्प बसलो. बाबांनीच मग कोपर सायकलच्या आडव्या दांड्यावर टेकवलं आणि मनगट माझ्या खांद्यावर ठेवलं. डाग जागेवर थांबला.

"ओढू नकोस. ओढलं की ती तार जास्त रुतते. पीळ कुठल्या बाजूला आहे बघ."

"उजवीकडे."

"मग त्याच बाजूला फिरव, म्हणजे झुपका आवळतो. उलटं फिरवशील तर उकलेल आणि सगळीकडे घुसेल. हां. आता दाबत दाबत तसंच फिरव. घाई नको."

जाडीला केसासारखी ती तार दातऱ्यातून कधी सुटली ते दिसलंच नाही, हाताला कळलं. कळ दाबली. टिक. अजून एक. टिक. आणि भोकात शिशाचं डोकं उगवलं, नव्या दातासारखं. दाभणाने टोचलं तर टुणकन उडून गॅलरीच्या फरशीवर. मी ओरडलोच. आई पळीसकट बाहेर आली.

मला वाटलं आता नवीन केबल घालायची, झालं. पण बाबांनी ते तुटकं डोकं उचलायला लावलं, कपाटातलं त्यांचं टूलरूमचं भिंग आणायला लावलं आणि खुर्चीत बसून मला म्हणाले, "टोकं बघ आणि सांग."

"काय सांगू?"

"काळी किती, चकचकीत किती."

भिंगाखाली ती टोकं वेगळीच दिसतात. काही तारांची टोकं सपाट, काळपट, गंजाचा लाल ठिपका असलेली. काहींची ओढून निमुळती झालेली आणि लखलखीत. सपाट काळी म्हणजे वाकून वाकून तुटलेली, तुटून दिवस झालेली, पाणी लागलेली. निमुळती पांढरी म्हणजे ताण न सोसून एका झटक्यात गेलेली, कालची. शिफ्टरमधून झटकून काढलेले तुकडे धरून मोजल्या. १५ काळ्या, ४ पांढऱ्या.

"म्हणजे चारांवर चालली होती," बाबा म्हणाले. "कधीपासून त्रास देत होती?"

"ऑगस्टपासून. मी अ‍ॅडजस्टर फिरवत होतो."

बाबा हसले. टूलरूममध्ये शिकाऊ पोरांना हसत असतील तसं. आणि मी, काही न ठरवता, विचारलं, "तुमचा हात कधीपासून?"

"गणपतीपासून." मग थोडं थांबून, "गेल्या वर्षीच्या."

तेरा महिने. आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दाढी घरीच करणारा माणूस एक दिवसाआड सलूनमध्ये जायला लागला, मी म्हटलं रिटायर झालेत, गप्पांना जातात. पट्ट्याचं घड्याळ कपाटात गेलं, मी म्हटलं मोबाईल आहे ना. बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवला तेव्हा मी बँकेला शिव्या घातल्या आणि बाबांच्या फोनवर यूपीआय चालू करून दिलं. किती अभिमान वाटला होता स्वतःचा! आणि आईचा तो अर्धा कप. साखरेशी त्याचा काही संबंध नव्हता. पूर्ण कप बशीत सांडतो म्हणून.

आईला विचारलं तर ती पदराला हात पुसत म्हणाली, "अरे ते म्हणाले वयाने होतं असं. तुला सांगू नको म्हणाले, तुझं ऑफिस असतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "पुढचं कर," बाबा म्हणाले. "अर्धं उघडं टाकू नये."

नवी केबल घालणं तसं सोपं काम. पण बाबा शेजारी असले की सोपं काम सोपं राहत नाही. नळी कापली तर म्हणाले, तोंड तिरकं आहे, कानस मार. गिअरच्या नळीत तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात, ब्रेकच्या नळीत स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या. गुंडाळलेली नळी वाकली की आखडते, तेवढ्याने ते २.८ मिलिमीटरचं गणित बिघडतं, म्हणून गिअरला उभ्या तारांची. तोंड तिरकं राहिलं की टोपीत नीट टेकत नाही आणि पुढे हळूहळू बसत जातं. पुन्हा कुरकुर. हे मी त्यांना वाचलेलं सांगत होतो आणि ते मला "कानस एकाच दिशेने, परत येताना उचल," हे सांगत होते. आतली प्लॅस्टिकची नळी कापताना दबते, ती दाभणाने मोकळी केली. केबल शिफ्टरमधून ओवली, टेपखालून, दांड्याच्या खालून, पायडलच्या पोटाखालच्या खोबणीतून, मागे डिरेलरपर्यंत. बोल्ट आवळला.

"२.८ मिलिमीटर म्हणजे सुतापेक्षाही कमी," बाबा मधेच म्हणाले. त्यांचं अजून सुतात चालतं, एका इंचाची आठ सुतं. "एवढ्याशा चालीला एवढी लांब वायर! आमच्या सायकलला वायरच नव्हती. ब्रेकसुद्धा सळईचे. काय मोडलंय ते चालता चालता दिसायचं." काळी अ‍ॅटलस होती त्यांची, निगडी ते कंपनी. ती कधीच भंगारात गेली, आणि अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखानाही २०२० साली बंद झाला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. हे बाबांना सांगितलं तर त्यांनी नुसतं "हं" केलं. कारखाने बंद होण्याच्या बातम्यांवर त्यांची प्रतिक्रिया एवढीच असते.

मी लगेच गिअर लावायला घेतले तर थांबवलं. "नवीन आहे, आधी बसू दे." खालच्या नळीपाशी केबल मुठीत धरून चार-पाच वेळा जोरात ओढायला लावली. खरंच सैल पडली. नळ्या आपापल्या टोप्यांत आता कुठे टेकल्या होत्या. पुन्हा बोल्ट सोडला, ताणला, आवळला. 'एच' स्क्रू, जो काल खिंडीत पिळून ठेवला होता, तो जागेवर आणला. आणि मग मी पायडल फिरवत एकेक गिअर बदलायला लागलो, बाबा डोळे मिटून खुर्चीत.

"पाव फेरा उलटा." पुळी फिरवली. "अजून थोडा. ...जास्त झाला, मागे घे. ...हां."

चेन ११ वरून ३२ पर्यंत आणि परत ११ वर, आठही ठिकाणी, कुरकुर नाही. मी यूट्यूबवर बघून हेच काम करतो तेव्हा पाऊण तास जातो. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डिरेलर ऐकला आणि चार मिनिटांत लावला. कानाला काही झालेलं नाही.

दुपारी जेवल्यावर मी लॅपटॉप उघडला. न्यूरॉलॉजिस्टची गुरुवारी साडेअकराची वेळ मिळाली. थरथरीची कारणं बरीच असतात, काही अगदी साधी असतात, हे इंटरनेट मला सांगत होतं आणि पाचव्या लिंकनंतर मी टॅब बंद केला. ऑफिसात गुरुवारचा अर्धा दिवस टाकला. बाबा म्हणाले, "मी एकटा जाऊन येईन, रिक्षा मिळते." मी म्हटलं, अर्ज गेलाय. "तुमचं ते ऑन-कॉल?" म्हटलं, दुसऱ्याकडे दिलंय. त्यावर त्यांनी पेपर उघडला, सकाळचाच.

मगाशी चहा झाला. आईने सवयीने बाबांचा कप अर्धा आणला. ते संपल्यावर पुन्हा अर्धा आणला. मी विचारलं की हे रोज असंच असतं का. "मग काय, दोनदा अर्धा," ती म्हणाली. "चहा काही कमी पीत नाहीत ते."

तुटलेली केबल मी कचऱ्यात टाकायला निघालो होतो. बाबांनी ती मागून घेतली आणि जुन्या नटबोल्टच्या डब्यात ठेवायला सांगितली, डोक्यासकट. कशाला ते विचारलं नाही, त्या डब्यातल्या कुठल्याच वस्तूबद्दल कधी विचारलेलं नाही. डबा बंद करताना म्हणाले, "शनिवारी जाणार आहेस ना दोनशे किलोमीटर?"

"बघू. गुरुवार होऊ दे."

"जाणार असशील तर एक वायर जास्तीची आणून ठेव. पिशवीत मावते."